नैऋत्येचा कोपरा

कोरेगावच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि माझ्या शबनममध्ये पंधरा कोरे फॉर्म होते. साल १९८९, महिना नोव्हेंबर. लोकसभेची निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती. मी पुण्यात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि मतचाचण्या घेणाऱ्या एका कंपनीला गावोगाव फिरू शकतील अशी मुलं-मुली हवी होती. एका फॉर्मचे आठ रुपये, वर एसटीचं भाडं. साताऱ्याला मावशी होती, म्हणून मी सातारा जिल्हा मागून घेतला.

ट्रेनिंग दोन तासांचं झालं. पंधरा फॉर्मांत आठ पुरुष, सात बायका. पुरुषांतले चार चाळिशीच्या आतले, चार पुढचे. बायकांचंही साधारण तसंच. पंधरांपैकी पाच जण ‘कमी उत्पन्न’ या रकान्यात बसणारे हवेत. एका मुलाने विचारलं, “पण सर, माणसं शोधायची कुठे?” साहेब म्हणाले, “गावात. रकान्यात बसला की घ्यायचा.” आम्हाला ते फारच सोपं वाटलं.

आणि सोपंच होतं. स्टँडचे कंट्रोलर, पलीकडचा चहावाला, कॉलेजच्या कट्ट्यावरची दोन मुलं. त्या वर्षी लोकसभेला पहिल्यांदाच अठरा वर्षांच्या मुलांना मत मिळालं होतं, त्यामुळे ती दोघं तर छाती पुढे काढून बोलली. दुपारी मी पिठाच्या गिरणीत जाऊन बसले. डबे रांगेत लावून बायका थांबलेल्या असतात, त्यांना घाईही नसते. तिथे एका बैठकीत पाच फॉर्म झाले. ‘कमी उत्पन्ना’साठी बँकेचा शिपाई, खानावळीत वाढणारा एक जण, दूध डेअरीचा वॉचमन आणि शाळेत झाडलोट करणाऱ्या दोघी. संध्याकाळी चारपर्यंत चौदा फॉर्म भरून झाले. राहिला होता फक्त चाळिशीपुढचा एक पुरुष.

मी ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर टेकले आणि फॉर्म मोजायला लागले. ओढ्यापलीकडे वडारांची वस्ती होती. पालं, काही कुडाची घरं आणि खडी फोडल्याचा एकसारखा आवाज. तिकडून एक बाई रिकामं घमेलं काखेत धरून पुलावर आली. पस्तिशीची असेल. कोपरापर्यंतचे हात दगडाच्या भुकटीने पांढरे झालेले, मधल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. माझ्यासमोर थांबली.

“काय लिवताय, बाई?”

“निवडणुकीचं विचारतेय. कोणाला मत देणार, कशावर देणार, असं.”

“मग आमाला न्हाय इचारायचं?”

मी म्हणाले, “बायकांचे सात झाले हो. आता एक पुरुषच पाहिजे.”

तिने जरा वेळ माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. म्हणाली, “मालक खाणीवर गेल्यात. दिवस बुडल्यावर येत्याल.” आणि घमेलं डोक्यावर पालथं घालून निघून गेली. माझी साताऱ्याची गाडी सहाची होती. पंधरावा फॉर्म मी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून भरून घेतला.

पुण्याला आल्यावर सगळे रकाने तंतोतंत जुळलेले पाहून कंपनीने माझं कौतुक केलं. हिशेबाने एकशेवीस रुपये हातात पडले.

पुढे मी राज्यशास्त्र शिकवायला लागले, ते सव्वीस वर्षं शिकवलं. मतचाचण्यांचा धडा आला की एक फोटो फळ्याला चिकटवायचा, हा माझा नेम. तुम्हीही तो कुठे ना कुठे पाहिला असेल. चष्मा घातलेला, कानाला कान भिडेल एवढं हसणारा एक माणूस रेल्वेच्या डब्याच्या मागच्या सज्जात उभा आहे आणि दोन्ही हातांनी वर्तमानपत्र उंच धरून दाखवतोय. वर्तमानपत्राचा मथळा सांगतो की ड्यूईने ट्रूमनला हरवलं. हसणारा माणूस आहे हॅरी ट्रूमन. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, दोन दिवसांपूर्वीच निवडणूक जिंकलेला. तारीख ४ नोव्हेंबर १९४८, ठिकाण सेंट लुईसचं युनियन स्टेशन.

मुलं हसायची. छापणाऱ्यांची फजिती झाली म्हणून मलाही सुरुवातीला हसू यायचं. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’मध्ये छपाई कामगारांचा संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा लवकर छापायला पाठवावा लागे. निकाल पुरते यायच्या आत मथळा ठरवायचा होता आणि तो ठरवायला कोणाला कष्ट पडले नाहीत, कारण महिनोन्‌महिने सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. ‘न्यूजवीक’ने देशातल्या पन्नास नामवंत राजकीय पत्रकारांना कोण जिंकेल ते विचारलं होतं. पन्नासच्या पन्नास म्हणाले होते, ड्यूई. मतचाचण्या घेणाऱ्या तीन मोठ्या माणसांचा कौलही तोच होता. जॉर्ज गॅलपच्या शेवटच्या अंदाजात ड्यूईला ४९.५ टक्के आणि ट्रूमनला ४४.५ टक्के मतं होती. आर्चिबाल्ड क्रॉसलीचे आकडे जवळपास तेच. एल्मो रोपरने तर ९ सप्टेंबरलाच जाहीर करून टाकलं की निवडणूक झाल्यातच जमा आहे, आता पुन्हा पुन्हा आकडे देत बसण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात ट्रूमनला साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या आसपास मतं पडली, ड्यूईला ४५.

एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे, कारण शिक्षकसुद्धा तो सांगतात. १९४८ची चाचणी टेलिफोनवरून झाली आणि फोन श्रीमंतांकडेच होते म्हणून चुकली, असं म्हणतात. हा दोन गोष्टींचा घोळ आहे. फोनच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांचा किस्सा १९३६चा. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने एक कोटी लोकांना पोस्टाने कार्डं पाठवली, तेवीस-चोवीस लाख परत आली आणि त्यावरून रूझवेल्ट पडणार असं सांगितलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. थोड्याच लोकांना विचारून बरोबर निकाल सांगणारा गॅलप त्या निवडणुकीने नावारूपाला आला. बारा वर्षांनंतर, १९४८मध्ये, गॅलपची माणसं कोणाला फोन करत नव्हती. ती दारोदार, रस्तोरस्ती फिरत होती. माझ्यासारखी. माझ्यासारखीच कोटा घेऊन.

एका मुलाखतकाराचा कोटा संख्याशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत होते आणि पुढचं पान उलटायला मला बराच वेळ लागला. गाव तेच, सेंट लुईस. तेरा माणसं घ्यायची. सहा उपनगरातली, सात मधल्या शहरातली. सात पुरुष, सहा बायका. सात पुरुषांपैकी तीन चाळिशीच्या आतले, चार पुढचे. सातांपैकी एक काळा, सहा गोरे. त्या सहा गोऱ्यांपैकी एक महिना ४४ डॉलरच्या वर घरभाडं देणारा, तिघे १८ ते ४४च्या दरम्यानचे, दोघे १८ किंवा त्याहून कमी देणारे. बायकांचंही असंच. एवढं सगळं बारकाईने ठरवून दिल्यावर मुलाखतकाराला सांगितलेलं होतं की या चौकटीत बसेल तो तुमच्या मर्जीने घ्या.

त्या एका सवलतीत सगळं आलं. अठरा डॉलर भाड्याची दोन माणसं हवी असतील तर मुलाखतकार कुठे जाईल? गोदीवर, रात्रपाळी करून झोपलेल्या बिऱ्हाडात, की कुत्रं अंगावर येतं त्या गल्लीत? त्याच भाड्यातला पण कोपऱ्यावर उभा असलेला, स्वच्छ शर्टातला, हसून नमस्कार करणारा त्याला पुरेसा असतो. रकाना भरतो. शहरातले, शिकलेले, बोलके, घरी सापडणारे असे लोक त्या गरिबांतूनसुद्धा उचलले जातात, आणि अमेरिकेत त्या काळी असे लोक ड्यूईच्या रिपब्लिकन पक्षाकडे जरा जास्त झुकत. मला माझा डेअरीचा वॉचमन आठवला. ‘कमी उत्पन्न’ होताच तो. मी जवळ जायच्या आधीच खुर्ची पुढे करून “या, बसा” म्हणाला होता.

त्याहून वाईट म्हणजे ही चूक १९४८ला उपटलेली नव्हतीच. गॅलपने १९३६ला रिपब्लिकन उमेदवाराला ४४ टक्के दिले होते, पडले ३८. १९४०ला ४८ दिले, पडले ४५. १९४४ला ४८ दिले, पडले ४६. दर वेळी पारडं त्याच बाजूला जड. पण रूझवेल्ट एवढ्या फरकाने जिंकत होता की तेवढी चूक निकालात झाकून जायची. कौल बरोबर आला म्हणून पद्धतही बरोबर, असं सगळे धरून चालले. १९४८ला लढत अटीतटीची झाली आणि तीच जुनी चूक पहिल्यांदा उघड्यावर आली. माझ्याकडूनही कंपनीने तेच पाहिलं होतं, रकाने जुळले की नाही.

या सगळ्यात मला सर्वात जास्त चटका लावणारी गोष्ट कोंबड्यांच्या खाद्याची आहे. कॅन्सस सिटीच्या स्टेली मिलिंग कंपनीने त्या वर्षी खाद्याच्या पोत्यांवर दोन चित्रं छापली, काहींवर गाढव, काहींवर हत्ती. गाढव ही ट्रूमनच्या डेमोक्रॅटिक पक्षाची खूण, हत्ती रिपब्लिकन पक्षाची. शेतकऱ्याने हवं ते पोतं उचलायचं. सहा राज्यांतल्या वीसेक हजार शेतकऱ्यांची पोती मोजून झाली तेव्हा ५४ टक्के गाढवं गेली होती. सप्टेंबरात कंपनीने तो उद्योगच थांबवला. गॅलप आणि रोपर उलटं सांगत होते, तेव्हा आपलंच काहीतरी चुकत असणार, असं त्यांना वाटलं. मला त्या दुकानातला शेतकरी डोळ्यांसमोर येतो. मक्याचे भाव उतरलेत, धान्य साठवायला सरकारी कोठारं पुरत नाहीत म्हणून तो वैतागलाय, आणि गाढवाचं पोतं खांद्यावर टाकून गाडीकडे चाललाय. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याने मुकाट्याने सांगितलं, आणि ज्यांनी ऐकलं त्यांना ते खरं वाटलं नाही.

ट्रूमन मात्र त्याच्यापर्यंत गेला होता. आगगाडीने हजारो मैल, लहान लहान स्टेशनांवर डब्याच्या मागच्या सज्जातून पाच-दहा मिनिटांचं भाषण, मग बायको आणि मुलीची ओळख करून द्यायची, शिट्टी, पुढचं गाव. आयोवातल्या डेक्स्टरला नांगरणीच्या स्पर्धेला जमलेल्या अफाट गर्दीसमोर तो कोठारांबद्दलच बोलला. त्याच्या राजकारणातलं सगळं मला पटतं असं नाही. ज्याच्या हुकमाने हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या माणसाबद्दल मनात एक गाठ राहतेच. पण जिथे कोणी विचारायला जात नव्हतं तिथे तो जाऊन उभा राहिला, एवढं मी वर्गात दर वर्षी सांगत आले.

आता अप्पांबद्दल.

माझे वडील खटाव तालुक्यात तलाठी होते. खटाव म्हणजे पावसाने तोंड फिरवलेला मुलूख. तिथे पीक किती आलं हा प्रश्न कागदी नसतो. तेव्हा आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ जाहीर व्हायचा, शेतसारा माफ व्हायचा, वसुली थांबायची. पूर्वी ही आणेवारी डोळ्यांनीच ठरायची. बांधावर उभं राहून नजर टाकायची आणि म्हणायचं, सोळा आण्यांतलं सहा आणे पीक आहे. बांध कुठला, तर ज्याच्यापर्यंत रस्ता जातो तो.

अप्पांच्या वेळी पीक कापणीचे प्रयोग चांगले रुळले होते. मी नऊ वर्षांची असताना एका रविवारी त्यांच्यामागे शाळूच्या रानात गेले होते. फेब्रुवारीतलं ऊन, शाळू पुरुषभर उंच, कडब्याचा तो गोडसर वास. शेतकरी आधीच वाट पाहत उभा होता. “भाऊसाहेब, हिकडं या, हिकडचं कापा,” म्हणून तो आम्हाला ताली फुटलेल्या, माती वाहून गेलेल्या पट्ट्याकडे नेऊ लागला. त्याचंही चूक नव्हतं. लेव्हीचे, म्हणजे पिकाच्या मानाने सरकारला धान्य घालायचे दिवस होते आणि पीक कमी दिसलं तर चार पोती घरात राहतील एवढंच त्याच्या मनात होतं. बरोबर आलेल्या कृषी खात्याच्या साहेबांचं मन उलट्या बाजूला, विहिरीजवळच्या भरघोस तुकड्यात रमलेलं.

अप्पांनी दोघांचंही ऐकलं नाही. ते शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. शेताची लांबी-रुंदी पावलांनी आधीच मोजून झाली होती. खिशातून त्यांनी एक छापील कागद काढला, नुसते आकडे, रांगांमागून रांगा, कशाचा कशाशी संबंध नसलेले. एका रांगेवर बोट ठेवलं, मनाशी पुटपुटले आणि मला म्हणाले, “मोज माझ्याबरोबर.” बेचाळीस पावलं लांबीच्या अंगाने, सतरा रुंदीच्या. शाळूची पाती गालाला कापत होती. सतरावं पाऊल जिथे पडलं तिथे पहिली खुंटी ठोकली. तिथून दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन दोरीने आखला, कोपरे काटकोनात आहेत की नाही ते कर्णाने तपासलं. दोरी एका भरल्या ताटाच्या अगदी बुडाला लागली होती. साहेब म्हणाले, “घ्या की ते आत.” अप्पा खाली बसले, ताटाचं मूळ दोरीच्या आत आहे की बाहेर ते बोटाने माती उकरून पाहिलं. बाहेर होतं. त्यांनी ते सोडलं.

घरी येताना मी विचारलं, “अप्पा, चांगलं कणीस का नाही घेतलं?” ते म्हणाले, “आपण रान निवडायचं नाही, बाळ. कागद पाठवेल तिथं जायचं. आपला हात भरल्या कणसाकडंच जातो.”

ते वाक्य किती मोठ्या कामाच्या पोटातलं होतं हे मला फार पुढे कळलं. पीक कापणीची ही पद्धत देशात उभी करणाऱ्यांतलं पहिल्या रांगेतलं नाव आहे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११चा, गाव बुध, तेही खटाव तालुक्यातलंच. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला गेले, परत येऊन दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचा विभाग त्यांनी बांधला आणि १९४०च्या दशकात गहू-भाताच्या शेतांत या पद्धतीने कापण्या सुरू केल्या. चौकोन फार लहान आखला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे त्यांनी मोजून दाखवलं. कारण दोरीवरचं रोप आत की बाहेर हे ठरवताना माणसाचा हात ते आत ओढतो, आणि चौकोन जितका लहान तितकी त्याच्या पोटाच्या मानाने दोरी जास्त. कोणी लबाडी करत नसतं. हात ओढतो एवढंच. १९९७ साली सुखात्मे गेल्याची बातमी आली तेव्हा निवृत्त झालेल्या अप्पांनी ती कात्रीने कापून पंचांगात ठेवली. “आपल्या बुधचा माणूस,” म्हणाले.

म्हणजे ज्या दशकात गॅलपची माणसं सेंट लुईसमध्ये मर्जीने तेरा जण निवडत होती, त्याच दशकात इकडे शेतात ‘मर्जी काढून घ्या’ हे शिकवलं जात होतं. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस तागाच्या शेतांची गणती नमुन्यावरून करत होते आणि १९५०मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. अमेरिकेतही जाणकार होतेच, त्यांचं ऐकलं जात नव्हतं. मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी १९४८च्या ऑक्टोबरात दुसऱ्याच एका विषयाची पाहणी करताना मताचाही प्रश्न विचारला. त्यांची माणसं सहाशेच्या आसपास, पण चिठ्ठीने निघालेली. मुलाखतकाराला निवडीचा अधिकार नव्हता. त्यांना लढत अटीतटीची दिसली आणि बरेच लोक अजून ठरवायचे होते. गॅलपच्या मुलाखती होत्या पन्नास हजारांच्या घरात.

निकालानंतर काही आठवड्यांतच अभ्यासकांची एक समिती बसली. गॅलप, क्रॉसली, रोपर, तिघांनीही आपापली दप्तरं तिच्यापुढे उघडी केली, ही गोष्ट मला मोठी वाटते. सगळा दोष कोट्याचा नव्हता, हेही समितीने सांगितलं. चाचण्या फार लवकर थांबल्या, शेवटच्या दोन आठवड्यांत मन पक्कं करणाऱ्यांकडे कोणी फिरकलं नाही. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारे लोक ठरवलेल्यांसारखेच मत देतील, असं गृहीत धरलं गेलं. त्यानंतर हळूहळू कोटा मागे पडला. १९४९मध्ये मिशिगनच्याच लेस्ली किश यांनी एक लहानसा तक्ता सुचवला. चिठ्ठीने घर निघालं तरी घरात कोणाशी बोलायचं? दार उघडेल तो बोलणार, किंवा दार उघडणाऱ्याला मागे सारून घरातला कर्ता. म्हणून घरातल्या सगळ्या प्रौढ माणसांची यादी करायची, आधी पुरुष मोठ्यापासून लहानापर्यंत, मग बायका तशाच, त्यांना नंबर द्यायचे आणि तक्ता सांगेल त्या नंबरच्या माणसालाच विचारायचं.

आपल्याकडे त्याच सुमारास यादीचंच काम चालू होतं, मतदारयादीचं. पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार नोंदले गेले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक अडचण आली. उत्तरेकडच्या काही राज्यांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन यांनी ठरवलं की नावाशिवाय नोंद नाही, आणि २८ लाख बायकांची नोंद गळाली. कठोर निर्णय होता. मला तो पटतो आणि त्या २८ लाखांचं वाईटही वाटतं. मतचाचणी आपल्याकडे आली ती एरिक डा कोस्टा यांनी दिल्लीत १९५०च्या दशकात काढलेल्या संस्थेतून. १९५७च्या निवडणुकीआधी तिने लोकांचा कौल घेतला. त्या वर्षी इकडे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गावंच्या गावं पेटलेली होती. कोणाच्या तरी ओसरीवर बसून, वही उघडून, अनोळखी माणसाने हे असलं विचारणं तेव्हा कसं वाटलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करते.

२०२४च्या एप्रिलमध्ये आमच्या दाराशी एक मुलगी आली. उन्हाने लाल झालेली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कुठल्याशा निवडणूक पाहणीसाठी आली होती. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट त्या दिवशी बंद होती. मी तिला पाणी दिलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सोफ्यावर सरसावून बसले. “विचारा,” म्हणाले, “काय हवं ते विचारा.”

“आधी घरातली अठरा वर्षांवरची सगळी माणसं सांगा,” ती म्हणाली. “एका चुलीवर जेवणारी.”

ह्यांनी सांगितली. ते स्वतः, मुलगा, माझी आई, मी. तिने टॅबवर लिहून घेतली. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाली, “आणि त्या?”

आईला सांभाळायला सुमनताई आमच्याकडे राहतात. चार वर्षं झाली. पन्नाशीच्या आहेत, महिन्यातून दोन दिवस गावी जातात. “त्या कामाला आहेत,” हे म्हणाले.

“इथेच राहतात? इथेच जेवतात?”

“हो.”

“मतदारयादीत नाव इथलंच आहे?”

“इथलंच,” मी म्हणाले. मागच्याच वर्षी मी स्वतः फॉर्म भरला होता.

मुलीने वयं विचारली, टॅबवर काहीतरी दाबलं. पाचवा नंबर आला. “मला यांच्याशी बोलायचंय.”

“अहो, मी सांगतो ना सगळं,” हे म्हणाले. “त्यांना काय...”

“नाही काका. पाचच नंबर घ्यावा लागतो. आणि त्या एकट्या असल्या तर बरं होईल.”

मी ह्यांना आत घेऊन आले आणि आईच्या पलंगापाशी बसले. आईचं दूध तसंच निवत राहिलं. दाराच्या फटीतून मला सुमनताईंची पाठ दिसत होती. हात पदराला पुसत त्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या. मुलीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.

“पूर्ण नाव सांगा, मावशी.”

त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. सावकाश, एकेक शब्द मोकळा करून. मुलगी लिहीपर्यंत थांबल्या. मग खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या आणि म्हणाल्या, “हां. इचारा आता.”